डब्यातून वर आलेला निळा दगड

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ खाली उतरले, की त्यावरचा हिरवट कळंक चिंच-मिठाने घासून काढणे हे घरोघरचे काम. वाचकहो, आज ज्याची हकीकत सांगायची आहे तो दगड या कळंकाचा जवळचा नातलग. तांबे, पाणी आणि कर्बवायू यांच्या संयोगाने जमिनीच्या पोटात तो तयार होतो. नाव ॲझुराइट, मूळ शब्द फारसी ‘लाजवर्द’. रंग मोरचुदाहूनही गडद निळा.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ बिसबी नावाचे गाव आहे. १८७७ मध्ये तेथे खनिजाचा माग लागला आणि १८८० मध्ये ‘कॉपर क्वीन’ ही खाण सुरू झाली. चुनखडीच्या पोकळ्यांतून ॲझुराइटचे लखलखीत स्फटिक निघू लागले. पण या दगडात शंभर भागांत पंचावन्न भाग तांबेच! त्यामुळे त्याची गाठ भट्टीशी. कितीतरी सुंदर स्फटिक तिच्यात वितळून गेले.

मी शाळेत इतिहास शिकवतो. मौल्यवान वस्तू जपतात त्या राजेरजवाड्यांनी, अशी मुलांची समजूत असते. येथे मात्र जपणारे हात मातीने माखलेले होते. कामगाराचा डबा सकाळी जेवण घेऊन खाली जाई आणि पाळी संपली की कधी निळा तुकडा घेऊन वर येई. कायद्याने तो माल कंपनीचा. मग ही चोरी म्हणायची की राखण?

काही नमुने उजळ माथ्यानेही वाचले. शिकागोच्या ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, त्याच १८९३ च्या प्रदर्शनात कॉपर क्वीनमधला, काही टन वजनाचा निळा-हिरवा ठोकळा मांडला होता. आज तो न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. हवेतला दमटपणा बदलला की त्यातून बारीक सूर निघत, म्हणून त्याचे नाव पडले ‘गाणारा दगड’!

१९७५ मध्ये बिसबीतले तांब्याचे खोदकाम थांबले. तेथले जुने नमुने आता संग्राहक डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. मास्तर असूनही सांगतो, त्या डब्यांतल्या मालाला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भट्टीत गेलेल्या दगडाचे तांबे झाले, त्याने जगाची गरजही भागवली. पण तो निळा रंग पुन्हा कोणाच्या नजरेस पडला नाही.