सायकल कुठली, हे विचारण्याआधी…

1895 चा जुलै महिना. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं ॲस्बरी पार्क हे समुद्रकाठचं गाव. 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या सायकलस्वारांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचं संमेलन तिथे भरलं होतं. बॉस्टनहून किट्टी नॉक्स नावाची विशीतली मुलगी आली. धंद्याने शिवणकाम करणारी. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. घेरदार झग्याऐवजी तिने स्वतः शिवलेली ढगळ विजार घातली होती. तिने लीगचं सदस्यत्वाचं कार्ड पुढे केलं आणि गोंधळ उडाला.

कारण दीड वर्षापूर्वी, फेब्रुवारी 1894 मध्ये, लुईव्हिलच्या बैठकीत लीगने घटनेत एक शब्द घुसवला होता: 'गोरा'. यापुढे सदस्य फक्त गोरेच. ठरावाच्या बाजूने 127 मतं, विरोधात 54. युक्तिवाद साधा होता. दक्षिणेकडचे गोरे सायकलवाले हवे असतील, तर काळ्यांना दार बंद करा. म्हणजे संघटना वाढवायची म्हणून माणसं वगळायची!

किट्टी 1893 पासूनची सदस्य. नियम पुढच्यांसाठी होता, त्यामुळे तिचं सदस्यत्व कायम राहिलं. त्या दिवशी नेमकं काय घडलं यावर तेव्हाच्या पेपरांत एकमत नाही. कुणी लिहिलं कार्ड नाकारलं, कुणी लिहिलं काहीच झालं नाही. पण एका शिंपिणीच्या सायकलवर देशभर चर्चा झाली, हे खरं.

आता दुसरी बाजू. या लीगच्या मागे मोठा आधार होता अल्बर्ट पोप या बॉस्टनच्या उद्योगपतीचा. 1878 मध्ये त्याने 'कोलंबिया' सायकली बनवून घ्यायला सुरुवात केली, त्याही हार्टफर्डच्या एका शिलाई मशीनच्या कारखान्यात. दोन वर्षांनी लीग स्थापन झाली, त्यात तो होता. 1882 मध्ये त्याने 'द व्हीलमन' हे मासिक काढलं. सायकल त्याची, मासिक त्याचं, संघटनेत वजन त्याचं. आज आपण ज्याला ब्रँडची निष्ठा म्हणतो, ती अशी पद्धतशीर घडवली जाते. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला चांगली कोलंबिया सव्वाशे डॉलरच्या आसपास होती. शिवणकाम करणाऱ्या बाईची कित्येक आठवड्यांची कमाई! म्हणजे घटनेत 'गोरा' हा शब्द येण्याआधीच किंमत नावाचा दरवान दारात उभा होता. तो कुणालाही 'येऊ नको' म्हणत नाही. त्याला म्हणावंच लागत नाही.

पण ब्रँडची निष्ठा ही नेहमी वाईटच, असंही नाही. जर्मनीत प्रतिष्ठितांच्या सायकल संघटनांपासून वेगळं होऊन कामगारांनी 1896 मध्ये ऑफेनबाख इथे 'सोलिडारिटेट' ही आपली संघटना उभी केली. पुढे तिने 'फ्रिशआउफ' नावाने स्वतःच्या सायकलींचा व्यवहार आणि उत्पादन सुरू केलं. सदस्यसंख्या लाखोंच्या घरात गेली. 1933 मध्ये नाझींनी संघटना मोडली, मालमत्ता बळकावली. या लोकांनाही आपल्या सायकलच्या नावाचा अभिमान होताच की! पण ते नाव जास्तीत जास्त लोकांना रस्त्यावर आणण्यासाठी होतं. निष्ठा तीच, फक्त दाराची दिशा उलटी.

हे सगळं आज का सांगतोय? मी पुण्यात राहतो. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं हे गाव. इथल्या एका ग्रुपच्या रविवारच्या राइडची सूचना वाचली: 'किमान हायब्रिड, रोड बाइक असल्यास उत्तम.' खाली गप्पा फक्त कुठल्या कंपनीची फ्रेम, कुठल्या कंपनीचे गिअर. वेग जुळावा, मागे पडणाऱ्यासाठी थांबावं लागू नये, हे कारण मला समजतं. शंभर किलोमीटरला ते रास्तही आहे. पण खडकवासल्यापर्यंत जाऊन चहा पिऊन यायला काळी ॲटलास चालत नाही?

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. लीगने अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली, तिचा फायदा पुढे सगळ्यांना झाला. ते श्रेय द्यायलाच हवं. पण रस्ता कसा हवा, हे ठरवणाऱ्यांत किट्टीसारखे लोक नव्हते. आपल्याकडे सायकल ट्रॅकची मागणी घेऊन महापालिकेत कोण जातं? बहुतेक वेळा असे ग्रुपच. रात्रपाळी संपवून सायकलवर घरी जाणारा सुरक्षारक्षक त्या शिष्टमंडळात दिसत नाही. मग ट्रॅक टेकडीकडे जातो, एमआयडीसीकडे जात नाही. रोज सायकल चालवणाऱ्याला वगळून सायकलचं धोरण ठरतं.

किट्टी नॉक्स 1900 साली, विशीतच गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला 2013 उजाडलं. लीगने वर्णबंदी औपचारिकपणे रद्द केली 1999 मध्ये, म्हणजे तब्बल 105 वर्षांनी. लिहिलेला नियम निदान खोडता तरी येतो. न लिहिलेला कसा खोडणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक ग्रुपने महिन्यातून एक राइड अशी ठेवावी, जिच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असेल: कुठलीही सायकल चालेल, वेग सगळ्यात मागच्याचा. आणि पुढच्या वेळी महापालिकेत जाताना त्या मागच्याला सोबत न्यावं.

तुमच्या ग्रुपमध्ये काय चालतं? मोकळेपणाने लिहा.