राणीबागेला नाव आपल्या जिजाऊंचं, पण आपल्या लेकरांची बाग कुठंय?

राजेहो, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली कितीतरी लेकरं मामाकडं, काकाकडं मुंबईला जातात. तिथं कमी पैशात दिवसभर फिरवायचं तर एक ठिकाण हमखास ठरलेलं. राणीबाग! घरून पोळी-भाजीचा डबा घ्यायचा, लोकलनं भायखळ्याला उतरायचं, झाडाखाली बसून जेवायचं, प्राणी बघायचे आणि संध्याकाळी घरी.

या बागेच्या फाटकावरचं नाव मात्र आपण नीट वाचत नाही. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्हणजे आपल्या सिंदखेडराजाची लेक. लखुजीराव जाधवांच्या घरी 12 जानेवारी 1598 ला जन्मलेल्या जिजाऊंच्या नावानं मुंबईतल्या गोरगरिबांची लेकरं दीडशे वर्षांपासूनच्या बागेत खेळतात. या गोष्टीचा अभिमान आहेच. पण तिच्यात एक प्रश्नही लपलेला आहे, म्हणून आज हे लिहितोय.

आधी थोडा इतिहास. ही बाग उघडली 19 नोव्हेंबर 1862 ला. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स, राणीच्या नावाची म्हणून लोकांनी केली राणीबाग. शेती आणि फळा-फुलांच्या बागायतीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ती उभी केली. आवारातल्या संग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डेव्हिड ससून अशा मंडळींनी खटपट केली, ते 1872 ला लोकांसाठी खुलं झालं. पुढं संस्थेला झेपेना, तेव्हा 1873 मध्ये बाग नगरपालिकेनं आपल्या हाती घेतली. प्राणी आले त्याच्याही नंतर, 1890 च्या सुमारास, जागा वाढवून.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आजूबाजूला भायखळा, लालबाग, परळ, म्हणजे सगळा गिरणगाव. एका खोलीत सात-आठ माणसं राहायची. त्या लेकरांना अंगण नव्हतं. मोठी झाडं, मोकळी हवा, पळायला जागा, हे सगळं त्यांना मिळालं ते बाग सरकारी खर्चानं चालत होती म्हणून. स्वस्त सहल आपोआप स्वस्त होत नसते. तिचे पैसे कुणीतरी भरत असतं, आणि भरायचं असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे ठरवणं बदलू शकतं, तेही राणीबागेनं दाखवलं. 2016 मध्ये तिथं पेंग्विन आले, त्यांच्यासाठी थंडगार घर बांधलं. 1 ऑगस्ट 2017 पासून तिकीट वाढलं. आधी मोठ्यांना 5 रुपये आणि लहानांना 2 रुपये होते, म्हणजे आई-बाप आणि दोन लेकरं 14 रुपयांत आत. नंतर मोठ्यांना 50, लहानांना 25 आणि चौघांच्या कुटुंबाला 100 रुपये. मॉलच्या मानानं 100 रुपये आजही काहीच नाहीत, आणि प्राण्यांची देखभाल फुकटात होत नाही, हेही खरं. पण हातावर पोट असलेल्या माणसासाठी 14 आणि 100 मध्ये फार मोठं अंतर आहे. तो महिन्यातून एकदा यायचा, तो वर्षातून एकदा येतो.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडं बागा नव्हत्या तेव्हाही सहली होत्या. कार्तिकात आवळीभोजन व्हायचं. आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसायची. थंडीत शेतात हुरडा व्हायचा. जत्रेला बैलगाडीनं जायचं. तिकीट कशालाच नव्हतं, कारण झाड गावाचं होतं, शेत कुणाच्या तरी ओळखीचं होतं.

आणि जागा म्हणाल तर आपल्यासारखा श्रीमंत जिल्हा शोधून सापडणार नाही. एकट्या सिंदखेडराजात राजवाडा आहे, रंगमहाल आहे, मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, शिल्पांनी सजलेली पुतळा बारव आहे. लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात जून 2024 मध्ये खोदकामात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. लोणारला उल्कापातानं झालेल्या, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीच्या विवरातलं सरोवर आहे, 2020 पासून ते रामसर यादीत आहे. लेकराला काठावर उभं करून "आकाशातून दगड पडला आणि हा खड्डा झाला" एवढं सांगितलं तरी त्याचे डोळे मोठे होतात. यातलं काहीच उभं करायला आज पैसे लागणार नाहीत. ते पूर्वजांनी आणि निसर्गानं करून ठेवलंय.

मग घोडं अडतं कुठं? चार साध्या गोष्टींवर. बायकांसाठी आणि लेकरांसाठी स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, बसायला सावली, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नेणारी, संध्याकाळी परत आणणारी एसटी. ज्याच्याकडं चारचाकी आहे त्याला लोणार जवळ आहे. ज्याच्याकडं नाही, त्या मजुराच्या लेकराला स्वतःच्याच जिल्ह्यातलं सरोवर चित्रात बघावं लागतं.

12 जानेवारीला सिंदखेडराजाला लाखोंची गर्दी होते, तेव्हा पाणीही येतं, गाड्याही येतात. म्हणजे करता येतं. प्रश्न उरलेल्या 364 दिवसांचा आहे.

आपल्या ऐतिहासिक जागांना निधी येतो तेव्हा बातमी होते ती पुतळ्याची, कमानीची, रोषणाईची. होऊ द्या. पण नगर परिषद, आमदार, खासदार यांना निवेदन देताना या चार गोष्टी पहिल्या लिहा. आणि आणखी एक ओळ लिहा, की उद्या सुशोभीकरण झालं तरी लेकरांना प्रवेश फुकट राहील. कारण आधी दुर्लक्ष आणि मग एकदम तिकीट, हा प्रवास फार लवकर होतो.

मुंबईनं आपल्या जिजाऊंचं नाव बागेला दिलं. आपण त्यांच्या गावात लेकरांना एक दिवस सावलीत, निवांत बसून डबा खाता येईल एवढं तरी करू.

पटलं तर पुढं पाठवा. आणि येत्या रविवारी जमलं तर लेकरांना घेऊन मोती तलावावर या.