प्रश्नावलीची मराठी : सातारा-सांगलीतील पदवी-विद्यार्थ्यांच्या मानसशास्त्रीय संशोधनाची पूर्वपीठिका

पदवीच्या विद्यार्थ्याकडून स्वतंत्र संशोधनाची अपेक्षा करावी की नाही, हा वाद आता बहुतांशी मागे पडला आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी २००६ साली सुरू झालेल्या 'आविष्कार' या संशोधन-महोत्सवात पदवी-विद्यार्थीही भित्तिपत्रके मांडून व तोंडी निवेदन करून आपले काम परीक्षकांपुढे ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यात चार वर्षांच्या 'संशोधनासह ऑनर्स' पदवीकरिता १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प सांगितला आहे. तेव्हा आता विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : सातारा व सांगली या जिल्ह्यांतील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने जे काम करावयाचे, त्यात संशोधन म्हणण्याजोगे नेमके काय असावे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर प्रश्नावलीच्या भाषेत शोधावे लागते. आणि तसे का, हे या विषयाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मानसशास्त्राची प्रयोगशाळा भारतात प्रथम कलकत्ता विद्यापीठात १९१५ साली निघाली व पुढच्याच वर्षी तेथे स्वतंत्र विभाग झाला. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग १९५० साली सुरू झाला. दरम्यान सांगलीस १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आणि साताऱ्यास १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापिलेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले होते. १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि १९६२ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने हे दोन्ही जिल्हे आपल्या कक्षेत घेतले. या घडामोडींतून दोन प्रवाह एकत्र आले. एकीकडे इंग्रजी ग्रंथ व इंग्रजी कसोट्या घेऊन आलेला विषय होता; दुसरीकडे ज्यांच्या घरी इंग्रजीचा संबंध नव्हता अशा शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थी होते. या दोहोंमधील अंतर कोणी व कसे भरून काढावयाचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याचे एक जुने व मार्गदर्शक उदाहरण शेजारच्याच मुलुखात आढळते. तत्कालीन मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापनश्रेणीची कानडी व मराठी मुलांसाठी आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९३४ साली व ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. अशा कामात केवळ शब्दास शब्द देऊन भागत नाही. एका भाषेत आठ वर्षांच्या मुलास अवघड जाणारा शब्द दुसरीत पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडी असू शकतो. म्हणून प्रत्येक प्रश्न त्या त्या भाषेच्या मुलांवर नव्याने पारखून योग्य वयाच्या पायरीवर बसवावा लागतो. येथे भाषांतर हीच संशोधनाची पहिली पायरी ठरते.

आजचा विद्यार्थी बुद्ध्यंकापेक्षा ताण, चिंता, नैराश्य यांकडे अधिक वळतो, आणि तेथे अडचण वाढते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश व वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश यांनी शास्त्रीय लेखनास संज्ञा पुरविल्या; परंतु उत्तर देणारा मनुष्य कोश उघडून उत्तर देत नाही. 'ताण' हा शब्द घ्यावा. आटपाडीकडील डाळिंब-उत्पादकास तो शेतीतून परिचित आहे. बहार धरण्यासाठी पाणी तोडून बागेस ताण देतात. तो मुद्दाम दिलेला व फळासाठी उपकारक असतो. स्वतःच्या मनाविषयी बोलताना तोच मनुष्य 'टेन्शन' म्हणेल, किंवा जिवाला घोर लागला म्हणेल. 'काळजी' या शब्दाचे तर दोन अर्थ : चिंता करणे आणि जपणे. 'तुम्हांस मुलांची फार काळजी वाटते का?' या प्रश्नास आई अभिमानाने होकार देईल, आणि गुणांकनात तो होकार चिंतेच्या खात्यावर जमा होईल. 'नैराश्य' हा शब्द वैफल्य व अवसाद या दोन्हींसाठी वापरला जातो, ही तिसरी अडचण.

वाक्यरचनेचाही विचार हवा. लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या पद्धतीत विधानाशी सहमती किती, हे पाच पायऱ्यांवर नोंदवितात. 'मला रात्री झोप लागत नाही' या विधानावर 'नाही' असे उत्तर आले, तर ते विधानास दिलेला नकार की झोप न लागण्याचा पुनरुच्चार? मराठीत दोन्ही अर्थ स्वाभाविक आहेत. ब्रिस्लिन यांनी १९७० साली विशद केलेली उलट-भाषांतराची पद्धत, म्हणजे मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून मराठी पाठ पुन्हा इंग्रजीत करून तो मुळाशी ताडणे, उपयुक्त खरी. पण तिने प्रत्येक दोष उघड होतोच असे नाही. 'काळजी' सुखरूप इंग्रजीत परतेल; त्या आईचा अभिमान परतणार नाही. जत तालुक्यात तर घरी कानडी व शाळेत मराठी असलेला उत्तरदाता भेटतो, आणि तेथे पुन्हा कामतांचाच प्रश्न उभा राहतो.

असे प्रश्न सोडविण्यास विशीतील पदवी-विद्यार्थी अनेकदा अध्यापकाहून अधिक योग्य असतो, कारण उत्तरदात्याची बोली त्याच्या कानांत असते. त्याच्या हाती मोठी प्रयोगशाळा नसेल, नमुनाही लहान असेल. तथापि वीस माणसांना एकेक विधान वाचून दाखवून 'यावरून तुम्हांस काय कळले?' असे विचारणे व ती उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून घेणे, हे त्यास करता येते. तयार कसोटीचे घाईने भाषांतर करून शंभर उत्तरपत्रिकांची सरासरी काढण्यापेक्षा हे काम ज्ञानात अधिक भर घालते.

परंतु निवेदनाच्या वेळी हा भाग झाकला जातो. प्रश्न मराठीत विचारले, उत्तरे मराठीत मिळाली, आणि फलकावर इंग्रजी कोष्टक तेवढे उरले, तर परीक्षकास मूळ प्रश्न पाहता येत नाही व निष्कर्षाची पारखही होत नाही. म्हणून विभागांनी एक साधा नियम करावा : प्रत्येक पदवी-प्रकल्पास प्रश्नावलीचा मराठी पाठ, त्यात केलेले बदल व त्यांची कारणे जोडलेली असावीत, आणि तोंडी परीक्षेत त्यांवर प्रश्न विचारले जावेत. असे पाठ ग्रंथालयात वर्षानुवर्षे जमत गेले, तर पुढच्या विद्यार्थ्यास कोऱ्या कागदापासून आरंभ करावा लागणार नाही, आणि या दोन जिल्ह्यांची माणसे आपल्या मनाविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, याचा एक विश्वसनीय संग्रह हाती येईल.