कडेने वाहणारी वीज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मी पाठ केलेलं उत्तर लिहिलं होतं: इन्सुलेटरमध्ये भरलेला बँड आणि रिकामा बँड यांच्यात मोठी गॅप असते, म्हणून वीज वाहत नाही. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. ते उत्तर तेव्हाच जुनं झालं होतं, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

गोष्ट सुरू होते फेब्रुवारी १९८० मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबलला. क्लाउस फॉन क्लिट्झिंग प्रचंड चुंबकीय क्षेत्रात सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा हॉल रोध मोजत होता. आलेखात सपाट पायऱ्या दिसल्या. प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८ ओहम भागिले एक पूर्णांक. नमुना बदला, त्यात अशुद्धी असू द्या, आकडा तोच.

१९८२ मध्ये डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी कारण शोधलं: हा पूर्णांक टोपॉलॉजीचा आहे. मेदूवडा कसाही चेपा, त्याला भोक एकच राहतं. सव्वा होत नाही. आता अशा पदार्थाच्या आत हा आकडा १ आणि बाहेर हवेत ०. मधे कुठे तरी तो बदलायलाच हवा, आणि गॅप मिटल्याशिवाय तो बदलत नाही. म्हणून ती कडेवर मिटते. आत इन्सुलेटर, कडेला वीज.

पण लोहचुंबकाशिवाय हे जमेल का? २००५ मध्ये केन आणि मेले म्हणाले, जमेल, ग्राफीनमध्ये. कल्पना बरोबर, पदार्थ चुकला. त्यासाठी लागणारा स्पिनचा परिणाम कार्बनमध्ये फारच क्षीण. पुढच्याच वर्षी बर्नेविग, ह्यूजेस आणि झँग यांनी मर्क्युरी टेल्युराइड सुचवलं, तेही नेमक्या अटीसह: थर ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड हवा.

जर्मनीतल्या व्युर्झबर्गला मोलेनकाम्पच्या गटाकडे असे थर वाढवण्याचा हातखंडा होता. २००७ मध्ये त्यांनी मोजलं. पातळ थर साधे इन्सुलेटर निघाले. जाड थरांतून वीज गेली, आणि पट्टी १ मायक्रॉन रुंद असो की अर्धा, जवळपास तेवढीच. आतून जात असती, तर रुंदीने फरक पडला असता. मला या अख्ख्या इतिहासात हीच तपासणी सगळ्यात आवडते. आम्ही बग शोधताना हेच करतो, एकच गोष्ट बदलून बघतो.

पुढे बिस्मथ सेलेनाइड आलं. त्यात कडेऐवजी अख्खा पृष्ठभाग वीज वाहतो. पण स्फटिकात सेलेनियमचे अणू जागोजागी गायब असतात, त्यामुळे आतूनही वीज गळते. ती गळती थांबवण्यात अनेकांची वर्षं गेली.

थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टर्लिट्झ यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये नोबेल जाहीर झालं. माझा तो पेपर त्याच डिसेंबरात होता.