मुलाच्या हातून मित्राची वस्तू मोडली, तर भरपाई पालकांनी द्यायची का?

मित्राच्या घरी खेळायला गेलेल्या मुलाच्या हातून टॅब निसटतो आणि स्क्रीनला तडा जातो. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. संध्याकाळी त्या घरून फोन येतो, किंवा येत नाही, आणि न येणं जास्त अवघड असतं. पैसे द्यायचे का, किती द्यायचे, समोरचे ‘अहो, राहू द्या’ म्हणाले तर खरंच राहू द्यायचं का, हे प्रश्न बहुतेक पालकांना कधी ना कधी पडतात. यावर कायद्याचं उत्तर एक आहे आणि शेजारधर्माचं दुसरं.

भारतातला कायदा

अशा नुकसानभरपाईसाठी आपल्याकडे कलमवार लिहिलेला स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयं इंग्लंडमधून आलेली अपकृत्याची, म्हणजे ‘टॉर्ट’ची, तत्त्वं वापरतात. त्यानुसार केवळ आई किंवा वडील असल्यामुळे मुलाच्या कृत्याची जबाबदारी पालकांवर येत नाही. त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा दिसला, तर मात्र येते. लहान मुलाच्या हातात छऱ्यांची बंदूक देऊन दुर्लक्ष केलं, किंवा मूल वस्तू फेकतं हे ठाऊक असून समोर बसून पाहत राहिलं, तर प्रश्न पालकांच्या वागण्याचा होतो.

मुलावर स्वतःवर दावा होऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार तो पालकामार्फत चालतो. पण मुलाकडून मोठ्या माणसाइतक्या सावधगिरीची अपेक्षा धरत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने १९६६ साली दिलेला एक निकाल यासाठी नेहमी सांगितला जातो. १२ वर्षांच्या मुलाने टोकदार धातूची कांडी लाकडी खांबाकडे फेकली आणि ती एका मुलीच्या डोळ्याला लागली. त्या वयाच्या साधारण मुलाला जेवढं कळतं तेवढंच मोजायचं, असं म्हणून न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं नाही. इजा गंभीर होती, तरीही.

पोलीस तक्रारीची धमकी कधी कधी दिली जाते, तिला फारसा अर्थ नाही. भारतीय न्याय संहितेत नुकसानीचा गुन्हा ठरायला हेतू किंवा जाणीव लागते, आणि ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. ग्राहक मंचाचाही इथे संबंध नाही. उरतो दिवाणी दावा, आणि एका टॅबसाठी वकील कोण लावतो? त्यामुळे असे वाद दोन घरांतच मिटतात किंवा तिथेच कुजतात.

एका ठिकाणी मात्र कायदा थेट पालकांकडे बोट दाखवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मुलाने आपल्या नकळत किंवा आपण रोखण्याचा प्रयत्न करूनही गाडी नेली, हे पालकाला सिद्ध करावं लागतं. मित्राची स्कूटर ‘एक चक्कर मारून आणतो’ म्हणून नेणाऱ्या मुलांच्या घरी हे माहीत असायला हवं.

इतर देशांत

फ्रान्समध्ये उत्तर सरळ आहे: पालक भरपाई देतात. १९९७ पासून तिथे ‘आम्ही नीट लक्ष ठेवलं होतं’ हा बचावही चालत नाही. जर्मनीत उलट, ७ वर्षांखालचं मूल जबाबदारच नसतं आणि पालकांनी देखरेखीत कसूर केली नसेल तर कुणीच देणं लागत नाही. मग शेजाऱ्याचं नुकसान तसंच राहतं आणि संबंध बिघडतात. म्हणून तिथल्या विमा कंपन्या कायद्याने देणं नसतानाही अशा लहान मुलांनी केलेलं नुकसान भरून देणारं कलम विकतात, आणि पालक ते घेतात. या प्रश्नाविषयी एवढं बोलकं उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

जपानमध्ये शाळेच्या मैदानावर मुलाने मारलेला फुटबॉल रस्त्यावर गेला. तो चुकवताना मोटरसायकलवरचे वृद्ध गृहस्थ पडले आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयांनी पालकांना भरपाई द्यायला सांगितलं, पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. मैदानात गोलकडे चेंडू मारणं हे नेहमीचं वागणं आहे, त्यासाठी पालकांना दोषी धरता येत नाही, असं कारण दिलं.

मग द्यायचे का?

साधारणपणे द्यावेत. कायदा सांगतो म्हणून नाही. नुकसान कुणाच्या तरी खिशातून जाणारच असतं, आणि ज्याचं काही चुकलं नाही त्याच्याच खिशातून ते का जावं? पहिलं ‘राहू द्या’ हा आपल्याकडे शिष्टाचार असतो. दुसऱ्यांदा विचारावं, आणि विचारताना दुरुस्तीचा अंदाज काढून जावं.

रक्कम मात्र नव्या वस्तूची नसते. न्यायालयंही सहसा दुरुस्तीचा खर्च किंवा मोडण्याआधीची किंमत, यांतली वाजवी रक्कम धरतात. समजा २०,००० रुपयांचा टॅब तीन वर्षं वापरलेला आहे आणि आज ६,००० ला विकला गेला असता. तर ९,००० ची स्क्रीन मागणं जास्त होतं. महागडी वस्तू लहान मुलांच्या घोळक्यात खेळायला दिली असेल, तर थोडा भार देणाऱ्यानेही उचलावा. दोन घरांच्या ऐपतीत मोठा फरक असेल तर हे आधीच मोकळेपणाने बोललेलं बरं. नाहीतर पैसे देता आले नाहीत या संकोचाने मुलाचं त्या घरी जाणंच बंद होतं.

चाळीत आणि सोसायटीत क्रिकेटच्या चेंडूने काच फुटली की पोरं वर्गणी काढतात. शॉट एकाचा असला तरी खेळ सगळ्यांचा होता, हा त्यामागचा हिशेब. घरीही मुलाचा वाटा असाच छोटा ठेवता येतो: खाऊच्या पैशांतून थोडी रक्कम, आणि आईबाबांसोबत जाऊन स्वतः सॉरी म्हणणं. त्याच्याकडून ‘५०० रुपये देईन’ असं लिहून घेण्यात अर्थ नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीला करार करता येत नाही, आणि असा करार मुळातच निरर्थक असतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच सांगून ठेवलं आहे.