एका ओळीला एक हेलपाटा

मागच्या भागात आपण एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधापाशी थांबलो होतो. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल, हा त्यांचा विचार. आज त्या ‘कसं’चा इतिहास. डेटाबेसमधल्या ही धावपळ करणाऱ्या भागाला एक्झिक्युटर म्हणतात.

कॉड आयबीएममध्ये होते. तिथेच, सॅन होजेच्या प्रयोगशाळेत, सत्तरच्या दशकात ‘सिस्टिम आर’ तयार झाली. तिच्यात रेमंड लोरी यांनी फार धाडसी काम केलं. सुमारे १०० तयार तुकड्यांमधून हवे ते जोडून प्रत्येक प्रश्नासाठी थेट यंत्रभाषेतला प्रोग्राम बनवायचा. वेग उत्तम. पण यंत्र बदललं की ते तुकडे पुन्हा लिहा, आणि चूक शोधताना घाम फुटतो. म्हणून ती वाट मागे पडली.

पुढे गोट्झ ग्रेफे यांच्या ‘व्होल्कॅनो’ने रूढ केलेली पद्धत सगळीकडे पसरली. कामांची उतरंड लावायची. वरच्याने खालच्याकडे ‘पुढची ओळ दे’ म्हणायचं, खालच्याने एक ओळ द्यायची. माझ्या पहिल्या पोस्टिंगवरचा स्टोअरकीपर असाच होता. जवान आला की आत जायचा, एक साबण आणायचा, रजिस्टरात नोंद करायचा, मग पुढचा जवान. साबण द्यायला क्षणभर, बाकी सगळे हेलपाटे! तरी त्याला कोणी बोलत नसे, कारण रेशनचा ट्रकच दोन-दोन दिवस उशिरा येई. व्होल्कॅनोचंही तेच. माहिती डिस्कवरून यायची, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरच्या लाखो सूचना पार पडल्या असत्या. मग हेलपाटे मोजणार कोण?

मेमरी स्वस्त झाली, माहिती तिच्यातच मावू लागली, आणि हिशेब उघडा पडला. १९९९ मध्ये अनास्तासिया आयलामाकी, डेव्हिड डेविट, मार्क हिल आणि डेव्हिड वुड यांनी चार व्यापारी डेटाबेस तपासले. (नावं छापली नाहीत; अ, ब, क, ड. शहाणपणाचं!) जवळजवळ निम्मा वेळ प्रोसेसर नुसता खोळंबलेला. २००५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतल्या पीटर बोन्झ, मार्चिन झुकोव्स्की आणि नील्स नेस यांनी मायएसक्यूएलची नाडी पाहिली. एका ठरावीक चाचणीत खऱ्या कामाला १० टक्क्यांहूनही कमी वेळ. एक बेरीज करायला ३८ सूचना!

त्यांचा उपाय सोपा वाटतो: एकेक ओळ न देता एका वेळी सुमारे १००० मूल्यांची तुकडी द्या. मग अख्खा स्तंभच का नाही? त्यांच्याच संस्थेतला मोनेटडीबी तसं करत होता. पण मधले निकाल इतके फुगत की ते मेमरीत नेण्या-आणण्यातच वेळ जाई. हजाराची तुकडी प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये मावते आणि छोटं लूप न अडखळता पळतं. आकडा निवडण्यातच खरी हुशारी होती, असं माझं मत.

२०११ मध्ये म्युनिकच्या थॉमस नॉयमान यांनी ‘हायपर’मध्ये लोरींचीच वाट पुन्हा धरली. आता वेगवेगळ्या यंत्रांचं ओझं एलएलव्हीएम नावाचं साधन उचलत होतं. तुकडी बरी की यंत्रभाषा? २०१८ मध्ये दोन्ही गोटांनी एकत्र बसून तुलना केली. हिशेब जास्त असेल तिथे यंत्रभाषा पुढे, मेमरीची वाट पाहायची असेल तिथे तुकडी. निर्विवाद विजयी कोणीच नाही.

पोस्टग्रेसने मात्र जपून पावलं टाकली. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत सूत्रांचं झाड चढण्या-उतरण्याऐवजी पायऱ्यांची सपाट यादी आली. २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीत यंत्रभाषाही आली, पण बंद ठेवून. बाराव्या आवृत्तीत ती आपोआप चालू ठेवली गेली. त्यातही अट आहे. प्रश्नाचा अंदाजे खर्च १,००,००० च्या वर गेला तरच ती वापरायची, कारण छोट्या प्रश्नाला प्रोग्राम बनवण्यातच उत्तरापेक्षा जास्त वेळ जातो.