घोटीची वाट, लोकोपयोगी कामें आणि पुरातन भूमीचा कायदा

नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुक्यांत घोटी हें जुन्या बाजाराचें गांव आहे. कोंकणांतून थळ घाट चढून आलेली वाट येथें पठाराला लागते. एक फांटा नाशकाकडे व दुसरा सिन्नराकडे जातो. पुरातन वास्तूंच्या निकटच्या भूमीवर लोकोपयोगी बांधकामास मुभा द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न २०१७ सालीं संसदेपुढें आला. त्याचा विचार या वाटेवरील पुराव्याच्या आधारें करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम लोकोपयोगी कामांविषयीं. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या ठिकाणीं त्यानें चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणविल्या, आणि दमण, तापी, डहाणुका इत्यादि नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, असें तो सांगतो. शोर्पारग म्हणजे सोपारें व गोवर्धन हें नाशिकनजीकचें. या दोहोंमधील सोयीची चढण थळ घाटाची. तेव्हां घोटीवरून जाणारी वाट या दानांच्या काळीं वाहती असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

आतां भूमीविषयीं. त्याच डोंगरावरील तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञा कोरल्या आहेत. अठराव्या राज्यवर्षीं गोवर्धनाचा अमात्य विष्णुपालित यास त्यानें कळविलें कीं, पूर्वीं उषवदाताकडे असलेलें पश्चिम कखडी गांवचें २०० निवर्तनें शेत भिक्षूंस दिलें आहे. राजपुरुषांनीं त्यांत शिरूं नये, त्यास हात लावूं नये, मिठासाठीं तें खणूं नये. पुढें चोविसाव्या वर्षीं अमात्य श्यामक यास दुसरी आज्ञा झाली. कखडीचें शेत कसलें जात नाहीं व गांव ओसाड आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं, असें तींत आहे. दोन्ही आज्ञा मिळून वाचाव्या. पहिलींत निर्बंध आहे. दुसरींत तो निर्बंध प्रत्यक्षांत उपयोगी पडला कीं नाहीं याची चौकशी आहे.

इंग्रजी अमलांत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. स्वराज्यांत त्याची जागा १९५८ च्या कायद्यानें घेतली. २०१० च्या दुरुस्तीनें संरक्षित स्मारकाभोंवतालचें १०० मीटर क्षेत्र निषिद्ध व त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरलें. निषिद्ध क्षेत्रांत केंद्र सरकारच्या खर्चाचीं लोकोपयोगी कामें होऊं शकावीं, मात्र त्यापूर्वीं पुरातत्त्व, दृश्य व वारसा या तिन्ही अंगांनीं परिणाम तपासावा, असें विधेयक १८ जुलै २०१७ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें. तें २ जानेवारी २०१८ रोजीं तेथें संमत झालें. पुढें राज्यसभेनें तें निवड समितीकडे सोंपविलें. त्याचा कायदा झाला नाहीं.

वादाचा सारा भर शंभर मीटरांवर राहिला. आमच्या मतें त्याहून मोठा प्रश्न वर्तुळाबाहेरचा आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराला वर्तुळ आहे. पण ज्या वाटेनें तें नगर वाढलें त्या वाटेला नाहीं. आणि लोकोपयोगी कामें नेमकीं वाटेनेंच येतात, कारण डोंगर दुसरीकडे जागा देत नाहीं. १८६५ त आगगाडी थळ घाटानें इगतपुरीस पोंचली. १९१६ त दारणेचें धरण झालें. समृद्धि महामार्ग २०२३ त भरवीरपर्यंत, २०२४ त इगतपुरीपर्यंत आणि २०२५ त मुंबईकडे पुरा झाला. यांची गरज कोणी नाकारीत नाहीं. परंतु वाटेवरचे वीरगळ, बारवा, चौक्यांचे चौथरे स्मारकांच्या यादींत नसले, तर त्यांच्यासाठीं या कायद्यानें कोणतीहि तपासणी होत नाहीं.

दुसरी उणीव पावसाची. इगतपुरीस वर्षाकांठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जवळच त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याशीं ऋषभनाथाचें जैन लेणें आहे. तेथील शके १२६६ च्या लेखाचा थोडाच भाग उरला आहे. ऋतुमान पालटून वृष्टि अधिक उग्र होत असतां, मीटरांनीं मोजलेलें कोणतेंहि वर्तुळ दगडावरील अक्षर राखूं शकत नाहीं. तेथें ठसाच उपयोगी.

सारांश, निर्बंध सैल करावा कीं आवळावा एवढ्यानेंच निकाल लागत नाहीं. खणण्यापूर्वीं नोंद, मग ती वर्तुळाच्या आंत असो वा बाहेर, हें कलम कायद्यांत असावें. तें होईपर्यंत काम आपलें आहे. ज्यांच्या दप्तरांत घोटी, कावनई, त्रिंगलवाडी या बाजूचे जकातीचे, वतनाचे वा चौकीचे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या. त्यांतील स्थळें जमिनीवर अद्याप ओळखतां येतात तोंवरच त्या कागदांचा पुरा अर्थ लागेल.